काहील, काकवी आणि पान 41

मी पतसंस्थेत क्लार्क आहे. आमच्या नाट्यसंस्थेचे कागद माझ्या गळ्यात पडायला एवढं कारण पुरलं. 2023 च्या निज श्रावणात दिग्दर्शकांनी एक निळी फाईल माझ्या काउंटरवर ठेवली, "ताई, तुम्हाला फॉर्मची सवय हाय की," म्हणाले आणि पात्रं शोधायला निघून गेले. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं ठरलं होतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी नाटकांची स्पर्धा 1954 पासून चालू आहे. आमची संस्था पहिल्यांदाच उतरत होती.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळं पुढं सरकलेलं. दसरा 24 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आणि स्पर्धा दिवाळीच्या पाठोपाठ. मी कॅलेंडर उघडून तालमीचे दिवस मोजायला बसले, तर नवरात्राचे नऊ, दिवाळीचे पाच, त्याआधीच्या फराळाचे चार, असं खोडत खोडत हातात काही उरेना. कोल्हापुरात आश्विन-कार्तिकात नाटक बसवणं म्हणजे वरातीच्या वाटेवर रांगोळी काढण्यासारखं आहे.

कागदांची गोष्ट आधी सांगते, कारण पहिल्यांदा उतरणारे तिथंच अडखळतात. प्रवेश अर्ज, अनामतीचा भरणा, लेखकाचं संमतीपत्र, कलाकारांची यादी, हे सगळं नेहमीचंच. लेखक गडहिंग्लजला, त्यामुळे सहीसाठी एक एसटीची फेरी झाली. खरी मेख असते ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रात. नवी संहिता रंगमंचावर आणायची तर ती आधी मुंबईला त्यांच्याकडे वाचायला द्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर प्रयोग नाही. मी संहितेच्या प्रती झेरॉक्स काढल्या, स्पायरल करून घेतल्या आणि पाठवून दिल्या. वर फाईलवर टिकमार्कही केला.

घटस्थापनेच्या आठवड्यात फोन आला. पान 41 नाही.

झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये दोन कागद चिकटून गेले असणार. पण दोष माझाच. पतसंस्थेत नोटांचं बंडल मी दोनदा मोजते आणि इथं पानं एकदाही मोजली नाहीत. त्यात ते पान म्हणजे नाटकाचा कणा. वडिलोपार्जित गुऱ्हाळाची वाटणी करणाऱ्या दोन भावांचं नाटक, आणि थोरला "घर तू घे, गुऱ्हाळ मला ऱ्हाऊ दे" म्हणतो ते याच पानावर. ते वगळलं तर दुसऱ्या अंकात दोघं कशावरून भांडतात, कुणालाच कळायचं नाही. नवं पान त्याच दिवशी कुरिअरने गेलं. त्यानंतर प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मी दिग्दर्शकांच्या नजरेला नजर दिली नाही.

तालमीला जागा मिळाली ती एका तालमीच्या वरच्या मजल्यावर. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, आमच्याकडं तालीम म्हणजे आधी कुस्तीची. खाली पैलवान पोरं जोर काढायची, वर आम्ही संवाद घोकायचो. भांडणाचा प्रवेश चालू असला की खालून कुणीतरी ओरडायचं, "आवाज बसंल भावा, दूध पी!"

नवरात्रात मात्र वरचा हॉल मंडळाला लागला आणि आम्ही उघड्यावर आलो. तसंही कोण येणार होतं? धाकट्या भावाचं काम करणारा पोरगा रात्री साडेनऊच्या पालखीला अंबाबाईच्या देवळात असणारच. आईचं काम करणाऱ्या आक्का भजनी मंडळाच्या. ललितापंचमीला तर अर्धी पात्रं टेंबलाईच्या टेकडीवर. अंबाबाई आपल्या रुसलेल्या सखीला, त्र्यंबोलीला म्हणजेच टेंबलाईला, भेटायला पालखीतून टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून त्रिशुळानं कोहळा फोडला जातो आणि त्याची फोड मिळवायला ही झुंबड उडते. प्रॉम्प्टर पोरगा दुसऱ्या दिवशी कोपर सोलवटून आला, पण कोहळ्याची फोड रुमालात बांधून. "तिजोरीत ठेवा ताई," म्हणाला. पतसंस्थेची तिजोरी म्हणजे त्याला काय वाटली कुणास ठाऊक.

शेवटी दिग्दर्शकांनी हात टेकले. अष्टमीला त्यांनी सगळ्यांना तालमीऐवजी गुजरीच्या तोंडाशी बोलावलं. त्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वारातून बाहेर, गुजरीतून, भवानी मंडपात तुळजाभवानीची भेट घेऊन परत. गुजरीत सराफांच्या दुकानांसमोर रांगोळ्यांचे गालिचे, वर रोषणाई. वाहन पुढं गेलं की त्या रांगोळीचा नुसता रंगीत धुरळा उरतो. बाहेरून कुणी मला विचारलं, नवरात्रात एकच दिवस यायचं तर कधी, तर मी डोळे झाकून अष्टमीची रात्र सांगते. दसऱ्याला दसरा चौकातला शाही सोहळा बघण्यासारखा आहेच. छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी येते, सूर्य मावळायला शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला गर्दी तुटून पडते. पण तिथं उंची लागते आणि लवकर जाऊन धरलेली जागा लागते. माझ्याकडं दोन्ही नाही.

कोजागिरीला चंद्रग्रहण आलं. आटवलेलं दूध वेध लागायच्या आधी प्यायचं की नाहीच प्यायचं, यावर तासभर वाद झाला आणि तालीम वीस मिनिटं.

आता काहील. नाटक गुऱ्हाळावरचं, तर रंगमंचावर काहील हवीच. ज्या कढईत उसाचा रस आटवून गूळ करतात ती. माणूस आडवा झोपेल एवढी. दिग्दर्शकांना खरीच हवी होती. करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळमालकाकडं आम्ही तिघं गेलो. दसरा झाला होता, हंगामाची तयारी चाललेली, चिमणीचं काम चालू. म्हातारे आजोबा बाजेवर बसून शांतपणे ऐकत होते. आमचं बोलून झाल्यावर म्हणाले, "नाटकाला काहील देतो आणि मी गूळ काय नाटकात शिजवू?" वर हातावर जुन्या गुळाचा खडा ठेवला, चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग आमच्यातल्या चित्रकला शिक्षकांनी थर्माकोल, खळ आणि रद्दीच्या थरांची काहील केली. कडेला काजळी, आतल्या अंगाला साखळलेल्या गुळाचे ओघळ. तिसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई गच्चीवर गेल्या आणि खाली येऊन विचारलं, "एवढी काहील कुणाची आणलीस गं?" तेव्हा समजलं, जमली.

राहता राहिला प्रकाश. शेवटच्या प्रवेशात थोरला रिकाम्या गुऱ्हाळात एकटा बसलेला, आणि तिथं काय करावं ते आमच्या लाइटच्या पोराला सुचत नव्हतं. वरून स्पॉट टाकला की तो माणूस भाषणाला उभा राहिल्यासारखा दिसायचा. वसुबारसेला, 9 नोव्हेंबरला, तो किरणोत्सव बघायला गेला. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या या दिवसांत आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्याला मावळतीचे किरण महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यात जातात. हवेत ढग, धूर, बाष्प असलं की वाटेतच विरतात. सगळी गर्दी श्वास रोखून ती तांबूस तिरीप जमिनीवरून सरकताना बघत असते. पोरगा रात्री माझ्या दारात आला, चप्पल न काढताच म्हणाला, "ताई, उजेड वरनं नाय, खालनं आणायचा. सरकत." विंगेत जमिनीलगत एक दिवा, त्याला नारिंगी कागद, आणि तो मिनिटभर हळूहळू सरकवायचा. काहिलीच्या काठावरून थोरल्याच्या पावलांपर्यंत, मग हातापर्यंत. चेहऱ्याला शिवायच्या आत अंधार.

19 नोव्हेंबरच्या रविवारी वर्ल्ड कपची फायनल होती. तालीम रात्री दहाला ठेवली, जिंकून सगळे नाचत येतील या हिशेबानं. आले ते मयताला आल्यासारखे. कुणी कुणाशी बोलेना. त्या रात्री वाटणीचा प्रवेश जो झाला, तसा ना आधी झाला ना नंतर.

प्रयोग त्रिपुरी पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी, संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं, मूळचं पॅलेस थिएटर. खासबागेच्या मैदानाला पाठ लावून उभं. ज्यांच्या नावाचं ते झालं ते केशवराव कोल्हापूरचेच. 1921 साली बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान करून त्याच वर्षी, एकतीस वर्षांचे असताना गेले. त्या रंगमंचावर पहिल्यांदा पाऊल टाकताना मी वाकून पाया पडले. आमच्यात सगळेच पडतात, पण मला नट नसताना पडायला जरा संकोच वाटला.

दिग्दर्शकांना गुळाचा वास हवा होता. विंगेत शेगडीवर गूळ तापवायचा त्यांचा बेत होता. तिथल्या एका जुन्या कामगारकाकांनी नुसती मान हलवली. "आत जाळ नाय. पडदं हाईत, लाकूड हाय." बरोबरच होतं. मग मी घरून काकवी उकळून थर्मासमध्ये भरली. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि मी विंगेत काळोखात बसून थर्मासचं झाकण काढलं. एका पुठ्ठ्यानं वाफ रंगमंचाकडं ढकलत राहिले. दुसऱ्या रांगेतल्या एका मावशींनी मध्यंतरात विचारलं म्हणे, "खरंच शिजवतायत काय वो?" तीन परीक्षकांपर्यंत वास पोचला की नाही, देव जाणे.

आमचं नाटक पुढच्या फेरीत गेलं नाही. प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस मात्र मिळालं. पौर्णिमेच्या पहाटे आम्ही सगळे पंचगंगा घाटावर गेलो. हजारो पणत्या, पायऱ्यापायऱ्यांवर रांगोळ्या, थंडीत नदीवर धुकं. लाइटचा पोरगा पणत्यांकडं बघून म्हणाला, "डिमर लागत नाय ह्यास्नी." दिव्यांसाठी जायचं तर उजाडायच्या आधी पोचा. सूर्य वर आला की पुढं फक्त सेल्फी.

पुढच्या वर्षी, 8 ऑगस्टच्या रात्री, कुणीतरी फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा नाट्यगृहाच्या छतातून ज्वाळा बाहेर येत होत्या. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. तयारी झालेली. खासबागेच्या कडेला मोठी मोठी माणसं हमसून रडत होती. ते कामगारकाका मला गर्दीत दिसले नाहीत. मी शोधलंही नाही खरं तर, मला त्यांच्यासमोर उभं राहवलं नसतं. त्यानंतर नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं.

काहील अजून आमच्या गच्चीवर आहे, ताडपत्रीखाली. सासूबाई तिच्यात कांदे वाळवतात. लेखकांचं नवं नाटक आलंय, दिग्दर्शकांनी परवा परत निळी फाईल आणून ठेवली. संहिता 68 पानांची आहे. झेरॉक्सवाल्यासमोर उभं राहून मी चारही प्रती बोटाला थुंकी लावून मोजल्या. तो म्हणाला, "ताई, पैसे हायत काय?"