घड्याळ नीरेकाठी राहिलं

वारीला जायचं ठरलं आणि मी आधी खरेदीला निघालो. बूट, सॅक, पावसाचं जॅकेट, पॉवर बँक आणि पावलं मोजणारं घड्याळ. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, तेव्हा आमच्या दिंडीत सगळ्यात सजलेला मीच.

पुणे-सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. दिवे घाट माणसांनी भरून वाहत होता आणि मी दर पाच मिनिटांनी मनगट वर करून आकडा बघत होतो. शेजारून डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या आक्का म्हणाल्या, "आरं माउली, तू चालतोयस का घड्याळ?"

वाल्हे सोडल्यावर नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. वारकरीही नदीत उतरतात. मी घड्याळ काढून टॉवेलात ठेवलं आणि टॉवेल तेवढा झटकून उचलला. लोणंदच्या तळावर आलो तेव्हा लक्षात आलं.

तळावर संध्याकाळी समाजआरती असते. हजारो टाळ वाजत असतात; चोपदाराने दंड वर केला की क्षणात सगळं शांत. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचं ऐकून घेतात. (एवढी सुटसुटीत तक्रार-व्यवस्था मी कुठल्याच कचेरीत पाहिली नाही.) त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी. मी कान टवकारून ऐकत होतो. यादी संपली, घड्याळ काही आलं नाही. रात्रभर राहुटीत तळमळलो. विठ्ठलासाठी निघालेला माणूस मनगटासाठी जागा होता!

दोन दिवस हात रिकामा वाटला, मग विसरलो. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तेव्हा वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावलेला अश्व डोळेभर पाहिला.

माझी श्रद्धा मुळात पातळ. आणि वारीत हावरेपणा नसतो असंही नाही. फुकट टोप्या वाटणारा टेम्पो थांबला की डोक्यावर एक असूनही दुसरीसाठी हात पुढे होतात. माझाही झाला.

पण पंढरपुरात जे पाहिलं त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. आषाढीला दर्शनबारीची रांग काही किलोमीटर असते. आक्का रांगेत गेल्याच नाहीत. चंद्रभागेत बुडी मारली, लांबून कळसाला हात जोडले, झालं. इतके दिवस चालून ज्याच्यासाठी आलात तो दिसलाही नाही, वाईट नाही वाटत? त्यांना प्रश्नच कळला नाही. "कळस दिसला की! त्यो कुठं जातोय?"

मागवलेली वस्तू दोन दिवस उशिरा आली तरी मी फोनवर भांडतो. इथं वस्तूच हातात पडली नव्हती आणि बाई तृप्त होत्या. कळस पाहून त्यांना मिळालं ते मला विकतच्या कशातून कधी मिळालेलं नाही, हे मान्य करतो. श्रद्धेचं श्रेय किती आणि चालण्याचं, सोबतीचं किती, ते मात्र वेगळं काढता येत नाही.

तिथून आक्का तडक बांगड्यांच्या दुकानात गेल्या. अर्धा तास घासाघीस, हिरव्या की लाल यावर वाद, शेवटी दोन्ही. हात पुढे करून मला दाखवल्या तेव्हा चेहरा कळसासमोर होता तसाच होता.

घरी आल्यावर आठवड्याभरात मी फोनवर नवं घड्याळ बघत बसलो होतो.