पावणेचारचा वॉल्ट्झ

एक जानेवारीचं आपल्याकडे तसं काही नसतं. खरं नवं वर्ष पाडव्याला. एक तारखेला सकाळी फोनमध्ये सूर्योदय आणि गुलाबांचे ढीग साचलेले असतात, ते पुसायचे आणि कामाला लागायचं. तरी मी त्या दिवशी अर्धी रजा टाकतो. दुपारी आपल्या घड्याळात पावणेचार होतात तेव्हा व्हिएन्नात सकाळचे सव्वाअकरा वाजतात, आणि तिथल्या म्युझिकफेराइन या वास्तूच्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा नववर्षाचा कार्यक्रम सुरू होतो. नव्वदहून जास्त देशांत तो दिसतो. आमच्याकडे तो चहाबरोबर, पाय सोफ्यावर घेऊन बघितला जातो.

पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही. कळावं लागतही नाही. इथे मुख्य माल स्ट्राउस घराण्याचा, म्हणजे वॉल्ट्झ, पोल्का, मार्च. नाचायला आणि मिरवायला केलेलं संगीत. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नातल्या नाचघरांत जे वाजायचं ते आज टाय लावून, श्वास रोखून ऐकतात याची मला गंमत वाटते.

वॉल्ट्झ तीन मात्रांचा, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी पहिल्यांदा दादऱ्याच्या हिशोबाने सोफ्याच्या हातावर बोटं आपटायला लागलो, तर बोटं आणि वाद्यं जमेनात. बऱ्याच वर्षांनी उलगडा झाला. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी टाकतात आणि मग तिसरीच्या आधी एवढीशी जागा सोडतात. एक, दोन... तीन. त्या जागेत नाचणारीचा घेर फिरून येतो म्हणे. हे कागदावर लिहिलेलं नसतं, तिथल्या वादकांच्या हातातच असतं. दुसऱ्या गावचा वाद्यवृंद तीच पानं समोर ठेवून वाजवतो तेव्हा सगळं बरोबर असतं आणि काहीतरी गेलेलं असतं. लावणीची ढोलकी नोटेशनवरून वाजवली तर जे होईल ते.

कार्यक्रमाचा शेवट दरवर्षी ठरलेला, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. जाहीर केलेला भाग संपला की एक धावती पोल्का. मग व्हायोलिनं अगदी बारीक थरथरायला लागतात. ही ‘ब्लू डॅन्यूब’ या वॉल्ट्झची सुरुवात, हे ओळखून सभागृह टाळ्या वाजवतं आणि वादन थांबतं. संचालक, म्हणजे हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवणारा, मागे वळतो, चार शब्द बोलतो, मग सगळे वादक एका आवाजात ‘प्रोझिट नॉयआर’ म्हणून नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात, आणि तीच थरथर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ घेणारी माणसं आपण, आपल्याला यात परकं काय वाटणार? फरक इतकाच की आपण पद संपल्यावर ओरडायचो, हे लोक सुरू होताच अडवतात, आणि तेही शिस्तीत.

त्यानंतर ‘राडेट्झ्की मार्च’. यात संचालक वाद्यांकडे पाठ करून श्रोत्यांना टाळ्या वाजवायला लावतो. आता हळू, आता थांबा, आता जोरात. आई हे पहिल्यांदा बघत होती तेव्हा म्हणाली, “म्हणजे आपल्या कीर्तनकार बुवांसारखंच की. विठ्ठल विठ्ठल म्हणताना एक बाजू हळू, एक बाजू मोठ्याने.” तेव्हापासून आमच्याकडे हा मार्च उभ्याने होतो आणि आई टाळ्या वाजवते. ताल बुवांचा असतो, पण चालून जातो.

हा राडेट्झ्की कोण, ते मात्र मी आईला सांगितलेलं नाही. तो ऑस्ट्रियाचा सेनापती. १८४८ मध्ये उत्तर इटलीतल्या लोकांनी ऑस्ट्रियाची सत्ता झुगारायचा प्रयत्न केला, तो याने कुस्तोझाच्या लढाईत मोडून काढला. त्याच्या गौरवासाठी थोरल्या योहान स्ट्राउसने हा मार्च त्याच वर्षी लिहिला. आणि गंमत अशी की त्या वर्षी व्हिएन्नातही बंड पेटलं होतं, त्यात त्याचा मुलगा, धाकटा योहान, बंडवाल्यांच्या बाजूला. त्याने फ्रेंच क्रांतीचं गाणं ‘मार्सेयेझ’ भर लोकांत वाजवलं, म्हणून पोलिसांचा ससेमिरा लागला. बापाला मुळात पोरगा संगीतात यायलाच नको होता, बँकेत चिकटावा असं वाटत होतं. पुढच्याच वर्षी बाप गेला. धाकट्याचा ‘ब्लू डॅन्यूब’ १८६७ मध्ये पहिल्यांदा वाजला, आणि आता दर एक जानेवारीला पोराच्या पाठोपाठ बाप वाजतो, दोघांना सारख्याच टाळ्या. रिकार्दो मुती हा इटालियन संचालक राडेट्झ्कीला टाळ्या मिळवून देतो तेव्हा मी जरा जास्त लक्ष देऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तिथे काही सापडत नाही.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. हा कार्यक्रम वाटतो तितका जुना नाही. पहिला झाला ३१ डिसेंबर १९३९ ला, क्लेमेन्स क्राउस या संचालकाच्या हाताखाली. ऑस्ट्रिया तेव्हा हिटलरच्या जर्मनीत गिळला गेला होता, युद्धाला चार महिने झाले होते, आणि त्या दिवसाची कमाई नाझींच्या हिवाळी मदतनिधीला गेली. ज्यू वादकांना त्याआधीच हाकललेलं होतं. स्ट्राउसचं काय करायचं हा नाझींपुढे पेच होता, कारण थोरल्या स्ट्राउसचे आजोबा जन्माने ज्यू निघाले. मग चर्चमधली लग्नाची नोंदवहीच पळवली आणि बनावट नोंद तयार केली. वॉल्ट्झसाठी एवढा खटाटोप! वाद्यवृंदाने पुढे इतिहासकारांकडून हा सगळा काळ तपासून घेतला आणि २०१३ मध्ये लोकांपुढे मांडला. फार उशिरा, पण मांडला. लांबून बघणाऱ्याची इथे सोय असते: लाज त्यांची, चाल आपली. ही सोय थोडी लबाडीची आहे, पण मी ती घेतो.

कधी कधी मात्र लांबचं इतकं लांब राहत नाही. २००५ च्या कार्यक्रमात राडेट्झ्की मार्च वाजवलाच नाही. सहा दिवसांपूर्वीच त्सुनामी येऊन गेली होती. तमिळनाडूचा किनारा, अंदमान-निकोबार, श्रीलंका, इंडोनेशिया. टाळ्यांचा मार्च शोभला नसता, म्हणून त्या वर्षीचा संचालक लोरिन माझेलने ‘ब्लू डॅन्यूब’वर कार्यक्रम संपवला.

आणि झुबिन मेहता असले की शेजारच्या काकूही येऊन बसायच्या. “आपल्या मुंबईचे आहेत ते,” असं दरवेळी सांगायच्या, जणू मला ठाऊकच नाही. १९३६ चा जन्म मुंबईचा, वडील मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केलेला. अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले आणि १९९० ते २०१५ या काळात पाच वेळा या कार्यक्रमाचे संचालक झाले. काकूंना सुरांशी देणंघेणं नव्हतं. आपलं माणूस तिथे उभं आहे आणि सगळे गोरे त्याच्या काठीच्या टोकाकडे बघतायत, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांच्या मेथीच्या वड्या उत्तम असत, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

“इतकं वेड आहे तर एकदा जाऊन ये ना,” असं भाऊ म्हणतो. मी चौकशी करून ठेवलीय. जवळजवळ वर्षभर आधी, फेब्रुवारीत अर्ज करायचा, मग सोडत. नाव निघालंच तर चांगल्या खुर्चीचे हजार युरोच्या वर. उभं राहण्याची तिकिटं स्वस्त आहेत, पण सव्वादोन-अडीच तास उभं राहून वॉल्ट्झ ऐकणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत वाढपी होणं. तेही केलं असतं. पण दोन-तीन वॉल्ट्झ चालू असताना पडद्यावर कुठल्याशा राजवाड्याच्या जिन्यांवर, बागेत बॅले चालतो ना, तो बहुतेक वेळा आधी चित्रित केलेला असतो आणि फक्त टीव्हीवाल्यांना दिसतो. मध्यंतरातली ऑस्ट्रियाची फिल्मही आपल्यासाठीच. सभागृहातले लोक तेव्हा बाहेर रांगेत उभे. थोडक्यात, त्या सुमारे दोन हजार माणसांना संचालकाची पाठ आणि पुढच्या बाईचा अंबाडा दिसतो. भावाला म्हटलं, तू जा. बॅले कसा होता ते मी फोन करून सांगेन.