विवाह प्रमाणपत्राच्या पलीकडचे कागद

ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसासाठी भारतातून अर्ज करताना ३०९ (तात्पुरता) आणि १०० (कायम) हे दोन्ही उपवर्ग एकाच अर्जात येतात, आणि नगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले की काम झाले, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. त्या प्रमाणपत्राने विवाह कायदेशीर असल्याचे दिसते, एवढेच. तेथील १९५८ च्या स्थलांतर कायद्याला त्यापुढे जाऊन नाते खरे आहे आणि आजही टिकून आहे याची खात्री हवी असते, आणि ती आर्थिक व्यवहार, घरातील व्यवस्था, समाजातील ओळख व परस्परांची बांधिलकी या चार अंगांनी पारखली जाते.

ठरवून झालेल्या लग्नात समाजाचे अंग भरभक्कम असते. साखरपुडा, केळवणे, हळद, सीमांतपूजन यांच्या फोटोंना तोटा नसतो. पण शंभर फोटो शेवटी त्याच दोन-तीन दिवसांविषयी सांगतात, म्हणून माझ्या मते त्यांतले मोजकेच द्यावेत.

आमची खरी अडचण पैशांच्या कागदांची होती. नवरा मेलबर्नला आणि मी सांगलीला सासरी. तो दरमहा पैसे पाठवी ते सासऱ्यांच्या खात्यावर, कारण घरखर्च तेच पाहत. माझ्या इंग्रजीच्या क्लासची फी, औषधपाणी, माहेरी जाण्यायेण्याचा खर्च, सारे त्यातूनच निघे, पण नवऱ्याच्या बँक स्टेटमेंटवर माझे नाव कुठेच नव्हते. अर्जाच्या तोंडावर घाईने संयुक्त खाते उघडण्याचा सल्ला अनेकांनी दिला. व्यवहार नसलेले असे खाते काय सांगणार? त्याऐवजी आम्ही नवऱ्याचे आणि सासऱ्यांचे स्टेटमेंट तारीखवार जुळवले, क्लासच्या पावत्या त्यांना जोडल्या, सासऱ्यांचे प्रतिज्ञापत्र घेतले आणि एकत्र कुटुंबात पैसा कोणाच्या हातातून फिरतो ते निवेदनात सविस्तर लिहिले. (सासऱ्यांना सुनेविषयी प्रतिज्ञापत्र करणे फार चमत्कारिक वाटले, पण त्यांनी नोटरीकडे जाऊन सही केली.)

वेगळे राहण्याने अर्ज आपोआप अडत नाही. ते कायमचे नाही, हे पटावे लागते. म्हणून आमच्या दोघांच्या स्वतंत्र निवेदनांत वेगळे राहण्याचे कारण, त्या काळातले फोन आणि पुढचा बेत हे सारे आले. दोघांच्या तारखा मात्र एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

फॉर्म ८८८, म्हणजे नाते खरे असल्याबद्दल साक्षीदाराने भरायचे निवेदन, ऑस्ट्रेलियातील मित्रांकडून घ्यायचे म्हटले तरी ते बहुधा नवऱ्यालाच ओळखतात. आमच्या लग्नाला सांगलीला आलेल्या एका मित्राने सासरच्या घरातील मुक्कामाबद्दल लिहिले, ते मला सर्वांत उपयोगी वाटले.

हे कागद पुढेही सांभाळावे लागतात, कारण कायम व्हिसाची पात्रता साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २ वर्षांनी पुन्हा तपासली जाते, आणि तेव्हा त्यानंतरच्या काळाचे नवे पुरावे मागितले जातात.