न झालेला हल्ला

मंगळवारी नागपूरच्या आमच्या दवाखान्यात काटोलकडचा एक बैल आला. तारेच्या कुंपणात खांदा फाटलेला. मी आतला थर कॅटगटने शिवत होतो, इंटर्न मुलगी जखम धुऊन देत होती. तिने मधेच विचारलं, "सर, तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते ना? रवांडा, बोस्नियातलं स्रेब्रेनिका वाचलं मी. शांतिसेना असूनही तिथं कत्तली झाल्याच. मग उपयोग काय हो त्याचा?"

"अवघड आहे सांगणं," म्हणून मी विषय संपवला. तीन दिवस झाले, ते उत्तर बोचतंय.

दक्षिण सुदानमध्ये, जोंगलेई राज्यात, मी भारतीय तुकडीबरोबर लष्करी पशुवैद्यक होतो. तिथं लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना गुरं द्यायची असतात. ती पळवून आणायला निघालेल्या पोरांच्या हातात आता भाले नसतात, एके-47 असतात. गुरं पाळणाऱ्या दिंका जमातीच्या एका तळावर आम्ही चार दिवस फुप्फुसदाहाची लस टोचली. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, राख फासलेली गुरं, हातभर लांब शिंगं. विरघळवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आधी गुरं बांधायची आणि मगच कुपी फोडायची. मदतनिसांना हे रोज नव्याने सांगावं लागे. पहिल्या दिवशी 212 झाली. तळाबाहेर आमची चिलखती गाडी उभी असायची. म्हातारा मालक दुभाष्याकडून म्हणाला, गाडी आहे तोवर आमची पोरं रात्री झोपतात.

आम्ही निघाल्यावर सहाव्या रात्री हल्ला झाला. गुरं गेली, दोन लहान मुलं पळवली.

टोचलेली गुरं माझ्या रजिस्टरमध्ये आहेत. त्या चार रात्री न झालेला हल्ला कुठेच नोंदलेला नाही. आपल्याकडे गुरांच्या घटसर्पाचं तेच. लस टोचलेल्या गावात पावसाळ्यात जनावर दगावलं नाही, की लोक म्हणतात रोग आलाच नव्हता.

रवांडात एप्रिल 1994 मध्ये कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांचं दल 270 वर आणायचं ठरवलं. स्रेब्रेनिकात 1995 मध्ये हलक्या शस्त्रांचे काही शे डच सैनिक होते. आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. डोस कापायचा आणि लस निकामी ठरवायची, हे मला मान्य नाही. हल्टमन, कॅथमन आणि शॅनन या संशोधकांनी 2013 मध्ये आफ्रिकेतल्या यादवी युद्धांचे आकडे तपासले. शांतिसेनेचे सैनिक वाढले तिथं नागरिकांच्या हत्या घटल्या. नुसते निरीक्षक नेमून घटल्या नाहीत.

पण सहाव्या रात्रीचं उत्तर त्या आकड्यांत मला सापडत नाही.

बैलाचे टाके बाराव्या दिवशी काढायचे आहेत. तेव्हा तिला त्या दोन मुलांबद्दलही सांगेन.