सड्यावरची सुतारशाळा आणि जुलैचं ऊन

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, ऊन आहे, जागा आहे, वारा तर नको इतका आहे. नाही तो विजेचा खांब. शेवटचा खांब खालच्या वाडीत. तिथून वर लाइन आणायची म्हणजे कातळ फोडून खांब उभे करायचे, आणि त्याचा जो अंदाज हातात आला त्या पैशांत एक नवा प्लेनर घेऊन वर वर्षभराचं लाकूड भरता आलं असतं. गावातल्या भाड्याच्या गाळ्यात भुशाच्या आणि आवाजाच्या कुरबुरी वाढत चालल्या होत्या. जमीन घरची. तेव्हा सुतारशाळा वर न्यायची आणि सगळी सोलरवर चालवायची, असं ठरलं.

अनुदानाचं आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. २०२४ साली सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, तीही ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक लाइनला, जोडलेल्या छपरांसाठी. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही नावाप्रमाणे पंपाची. ग्रिडबाहेरची सुतारशाळा दोन्हींत बसत नाही. खर्च सगळा आपला, आणि म्हणूनच हिशेबही नीट करायचा.

दुकानात गेलं की विचारतात, “किती किलोवॅट बसवायचंय?” हे आपण कसं सांगणार? मी उलट बाजूने सुरुवात केली. जुन्या गाळ्यात प्रत्येक मशीनला क्लँप मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला, एका छोट्या मीटरवर दिवसाची युनिटं मोजली. रंधा आणि कटर चालवणारी २ एचपीची मोटर, लाकूड गोल कातणारा १ एचपीचा लेथ, पट्ट्याच्या करवतीचा १ एचपीचा बँडसॉ, भुसा ओढणारा १ एचपीचा पंखा, राउटर आणि ड्रिल, वर दिवे-पंखे. प्लेटवर २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट लिहिलेलं असतं, पण रंधा रिकामा फिरतो तेव्हा त्याचा तिसरा हिस्साही घेत नाही. फणसाची फळी गेली की थोडा चढतो, अकेशियाची गेली की पूर्ण. सगळ्यात जास्त युनिटं कोण खातं, तर भुशाचा पंखा! तो दिवसभर चालू, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही. एकूण बेरीज रोजची साडेसात युनिटं. इन्व्हर्टर, वायर, बॅटरी यांतली गळती धरून साडेनऊ.

पॅनल ५४० वॅटचे सहा, म्हणजे ३२४० वॅट. चांगल्या उन्हात यातून दिवसाला बारा-तेरा युनिटं मिळतात. कागदावरचे ३२४० वॅट प्रत्यक्ष कधी दिसत नाहीत, कारण एप्रिलच्या दुपारी पॅनल साठ अंशांपर्यंत तापतो आणि पंचवीसच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद सोडतो. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, हे अर्धंच खरं.

खरा पेच जुलैचा. नासाच्या ‘पॉवर’ या फुकट उपलब्ध असलेल्या माहितीत आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की महिन्यागणिक उन्हाचे आकडे मिळतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये दर चौरस मीटरला रोज सहा युनिटांच्या वर ऊन, जुलैत चारच्याही खाली. हीही सरासरी. कोकणात पाऊस सरासरीने पडत नाही. तीन-चार दिवस सूर्य दिसतच नाही, मग एक दुपार लख्ख उघडते. त्या काळोख्या दिवसांत सहा पॅनल मिळून दोन-तीन युनिटं देतात. आणि आमचा कामाचा हंगाम नेमका तेव्हाच! चाकरमानी गणपतीला येणार, त्याआधी दारं दुरुस्त व्हायला हवीत, चौरंग, पाट, देव्हारे तयार हवेत. ऊन सर्वांत कमी आणि ऑर्डरी सर्वांत जास्त, असा तो महिना.

यावर मिळणारा ठरावीक सल्ला म्हणजे पॅनल दुप्पट करा, बॅटरी तिप्पट करा. घरासाठी कदाचित ठीक असेल, कारण घरातला फ्रिज आपल्या सोयीने चालत नाही. सुतारशाळेचं तसं नाही. कोणतं काम कधी करायचं ते आपल्या हातात असतं. विजेचं जड काम म्हणजे फळ्या कापणं आणि रंधणं. ते एप्रिल-मे महिन्यांत उरकायचं, कारण तेव्हा बॅटरी साडेअकरालाच भरते आणि दुपारची वीज वाया जाते. जून लागायच्या आत गणपतीच्या कामाच्या फळ्या थोड्या जाड ठेवून रंधून, मधे पट्ट्या घालून थप्पीला लागलेल्या असतात. जुलैत उरतं ते सांधे, लेथवर चौरंगाचे पाय, घासकाम, आणि शेवटचा हलका रंधा. उन्हाळ्याचं ऊन पावसाळ्यासाठी साठवायची सगळ्यात स्वस्त जागा रंधलेली फळी आहे; लिथियम बॅटरीला तो भाव परवडायचा नाही. त्यातूनही सलग काळोख पडला तर एक छोटा पेट्रोल जनरेटर ठेवलाय, तो बॅटरीत थोडा जीव घालतो. तो ठेवला म्हणून ‘मग कसलं सोलर’ असं हसणारे आहेत. हसू देत. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी लाखभराची जादा बॅटरी घेण्यापेक्षा ते बरं.

आता मोटरींचं. आमच्याकडचे वायरमन अण्णा पंप आणि गिरण्यांवर आयुष्य काढलेले. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, आणि इन्व्हर्टर बंद पडतो तो याच अर्ध्या सेकंदात. शिवाय २ एचपीची मोटर तीन फेजची, इन्व्हर्टर एक फेजचा. मी सिंगल फेज मोटर बघायला लागलो होतो, तेव्हा अण्णा म्हणाले, “मोटर कशाला बदलतोस? आधी डबा उघड.” टर्मिनलच्या डब्यात सहाही टोकं बाहेर काढलेली होती, पट्ट्या स्टारमध्ये. (स्टार आणि डेल्टा हे मोटरच्या आतल्या वेटोळ्यांच्या जोडणीचे दोन प्रकार.) आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्येच असतात. त्याच पट्ट्या डेल्टात फिरवल्या की ती मोटर २४० व्होल्टच्या तीन फेजवर पूर्ण ताकदीने चालते. करंट तेवढा पावणेदोनपट होतो, सव्वातीनाचे साडेपाच-पावणेसहा अँपिअर. आणि एक फेज घेऊन तीन फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा, बाजारात सहज मिळतो. तो मोटर सात-आठ सेकंदांत हळूहळू वेगाला आणतो, त्यामुळे सुरुवातीचा धक्का इन्व्हर्टरपर्यंत पोचतच नाही. भुशाच्या पंख्यालाही तसाच छोटा व्हीएफडी लावला. पंख्याचं पातं जड, सुरू व्हायला वेळ घेतं, त्याला तर तो हवाच. लेथ आणि बँडसॉ मात्र सिंगल फेज कॅपॅसिटरवाले तसेच ठेवले. ते रिकामे सुरू होतात.

इन्व्हर्टर ५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत), ४८ व्होल्टचा, शुद्ध साइन वेव्ह आणि आत खरा ट्रान्सफॉर्मर असलेला. हलके, भिंतीला टांगायचे इन्व्हर्टर स्वस्त आणि देखणे असतात, पण ट्रान्सफॉर्मरवाला लेथच्या धक्क्याला काही सेकंद दुप्पट भार सोसतो. साडेतीन केव्हीए पुरेल असं वॅट मोजून वाटतं, पण व्हीएफडी करंट सलग न घेता झटक्या-झटक्याने घेतो. तीन किलोवॅटचं काम असलं तरी इन्व्हर्टरवर चार केव्हीएच्या वर ओझं पडतं. रंधा आणि बँडसॉ एकाच वेळी चालू नयेत म्हणून दोघांत एका वेळी एकालाच वीज देणारा चेंजओव्हर स्विच टाकलाय. नियम भिंतीवर लिहिण्यापेक्षा स्विच बरा, कारीगर वाचत बसत नाहीत.

पॅनलची जोडणी हा भाग घाईने करू नये असं मला वाटतं. पॅनलची वीज बॅटरीत भरणाऱ्या आमच्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा १५० व्होल्ट. एका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही भार नसतानाचं, ४९.५. तीन एका ओळीत जोडले तर १४८.५, म्हणजे बसलं, असं दुकानदाराचं म्हणणं. पण तो आकडा २५ अंशांचा. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. जानेवारीत सड्यावर पहाटे पंधरा अंश असतात, तेव्हा तेच १५२ च्या वर जातं, आणि सूर्याच्या पहिल्या किरणाला कंट्रोलर जळतो. म्हणून दोन-दोनच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीला वेगळा फ्यूज. पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, म्हणून स्विच सगळे डीसीचे. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी ओढली जाते आणि डबाच पेटवते.

बॅटरीसाठी दोन पर्याय होते. चार ट्युब्युलर, १५० अँपिअर-अवरच्या, म्हणजे ७.२ युनिटं, पण निम्म्याच वापरायच्या. किंवा ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक लिथियम फॉस्फेट, ५.१ युनिटं, त्यातली साडेचार निवांत वापरता येतात. पारडं फिरलं ते चार्जिंगच्या वेगामुळे. तशा ट्युब्युलरला पंधरा-वीस अँपिअरच्या वर भरायचं नसतं, लिथियम पन्नास सहज घेते. जुलैत दोन तासांची उघडीप मिळाली तर तेवढ्यात जे काय भरायचं ते भरून घेता यायला हवं. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल ३५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, आणि शक्य तितकी आखूड. पूर्ण भाराला तिथून शंभर अँपिअरच्या वर जातात.

पॅनल छपरावर नाहीत, जमिनीवर आहेत. कातळात ड्रिल मारून अँकर बोल्ट बसवले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पत्रे कसे उडाले ते इथे सगळ्यांना आठवतं. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, बोल्ट स्टेनलेस, कारण खाऱ्या वाऱ्यापुढे नुसता रंग टिकत नाही. कल बाराच अंश ठेवला. अक्षांशाएवढा, म्हणजे सोळा-सतरा ठेवायची पद्धत आहे. पण मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो आणि ढगांतला उजेड सगळ्या आभाळातून येतो. पॅनल जितका आडवा तितका पावसाळ्यात बरा. पाणी वाहून धूळ जाण्यापुरता उतार मात्र हवाच.

ज्या कातळाने बोल्ट घट्ट धरले त्यानेच अर्थिंगला छळलं. जांभ्यात खड्डा मारणं कठीण, आणि मारला तरी मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा. अर्थिंगचा रोध मोजला तर आकडा मान्य होण्यासारखा नव्हता. शेवटी उताराला, जिथे माती साचते आणि ओल राहते, तिथे खड्डे घेतले आणि जीआय पट्टी वर आणली. उघड्या सड्यावर वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा हा खर्च कोणालाच जास्त वाटत नाही. वीजरोधक आणि सर्ज प्रोटेक्टरही त्यासाठीच.

सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेले. त्यात अर्थिंग, सांगाडा आणि केबलचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. कोटेशन मागताना त्या ओळी वेगळ्या लिहून मागाव्यात.

आता थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन, घ्यायचा विचार आहे, आणि बाजारातल्याला ३ एचपीची मोटर येते. ती ४१५ लाच डेल्टात असते, म्हणजे पट्ट्या फिरवायची युक्ती तिला लागू नाही. अण्णा म्हणतात मशीन बिनमोटरचं आण, २ एचपी बसवू आणि एका वेळी पातळ पापुद्रा काढू. दुकानदार म्हणतो मग वॉरंटी नाही. मे महिन्याच्या आत ठरवायला हवं, कारण फळ्या तेव्हाच काढायच्या आहेत.