आसोद्याची ओवी, कोल्हापूरची चाल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी जळगावहून आसोद्याला गेले, तेव्हा सकाळी नऊलाच ऊन पोळू लागले होते आणि नांगरून ठेवलेल्या काळ्या शेतांमध्ये केळीच्या बागा तेवढ्या डोळ्यांना गारवा देत होत्या. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली येथलाच. तरीही मला येथवर आणले ते संगीतकार वसंत पवार यांनी. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'तील 'बुगडी माझी सांडली गं' या लावणीने घरोघरी पोहोचलेला हा कोल्हापूरचा माणूस दोनच वर्षांनी 'मानिनी' चित्रपटात बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'ला चाल लावण्यासाठी थेट जात्यापाशी येऊन बसतो, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. १९६५ साली ते गेलेही. बहिणाबाई १९५१ सालीच गेल्या होत्या, त्यामुळे आपल्या शब्दांना लागलेली ही चाल त्यांच्या कानी कधी पडली नाही.

लिंबाला बांधलेल्या झोक्यावरच्या मुलींना मी 'अरे संसार संसार' म्हणायला सांगितले, तर त्यांनी सहजपणे 'मानिनी'तली चाल धरली. चालीचे हे असे गावात मुरणे मला कोणत्याही पुरस्काराहून मोठे वाटते. शेजारच्या ओट्यावरच्या आजी मात्र म्हणाल्या, "हे तं सिनेमातलं झालं, माय. जात्यावर आसं नाही म्हनत."

त्यांनी मला आत नेले. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र करून ठेवले होते. मूठभर दाणे जात्यात घालून त्यांनी खुंटा धरला आणि स्वतःच्या आईची एक ओवी सुरू केली. आठ अक्षरांचा चरण एका फेऱ्यात बसत होता, शेवटचे अक्षर हात परत येईपर्यंत लांबत होते आणि नवी मूठ घालतानाच काय तो श्वास घेतला जात होता. पवारांनी शब्दांवर तानांचे ओझे घातले नाही आणि न शिकलेल्या गळ्यालाही पेलेल एवढीच चाल ठेवली, ती या आठ अक्षरांचा मान राखूनच, असे मला तेथे बसून वाटले.

माझ्या विनंतीवरून आजींनी 'मानिनी'तली चालही जात्यावर म्हणून पाहिली. तीन फेरे नीट बसले. चौथ्याला खुंटा थांबला.

"अठी हात पुढे जाते, गानं मांगे ऱ्हाते," असे म्हणून त्या पुन्हा आपल्या ओवीवर आल्या.