कैलास लेण्याआधी चार खेटे

आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. सातवीतल्या निम्म्या लेकरांना वेरूळच्या सहलीचा खर्च झेपत नाही, म्हणून वर्गातच पडद्यावर लेणी दाखवायचं ठरवलं. गुगल मॅपवरचे ३६० अंशांचे फोटो फिरवायला मी एका संध्याकाळीच शिकलो. घोडं अडलं ते प्रोजेक्टरच्या दिव्यापाशी.

दिवा गेला होता. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेतला, दोन कोटेशन जोडली आणि प्रस्ताव तालुक्याच्या कार्यालयात दिला. पंधरा दिवसांनी गेलो तर म्हणे, तिसरं कोटेशन कुठंय? हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तेही दिलं. पुढच्या खेपेला त्या टेबलाचे साहेब प्रशिक्षणाला गेलेले. चौथ्या खेपेला फाइलच सापडेना! माझ्याकडं आवक क्रमांकाची पोच होती, म्हणून अर्ध्या तासात ती भलत्याच गठ्ठ्यातून निघाली. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका, कळकळीनं सांगतो. यात दोन महिने गेले. लेकरं रोज विचारायची, "सर, आज दाखवणार का?" तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी पडदा लागला. १६ क्रमांकाचं लेणं, कैलास. मी काहीच सांगितलं नाही. वहीत दोन रकाने पाडायला लावले, 'दिसतं' आणि 'वाटतं'. अंगणातल्या हत्तीची सोंड तुटलेली. एकानं 'दिसतं'मध्ये लिहिलं, 'शत्रूनं तोडली.' मागच्या बाकावरची पोरगी उठली, पडद्याजवळ गेली, तुटक्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "तोडताना कुठं दिसतंय? फक्त तुटलेली दिसतीय." त्यानं स्वतःच खोडून ते वाक्य दुसऱ्या रकान्यात नेलं. एवढ्यासाठीच मी खेटे घातले होते.

आणि हो, फोटो आदल्या रात्री लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा, ऐन तासाला नेट जातं.

हे लेणं वरून खाली कोरत आणलंय म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "मंग निघालेला दगड कुठं गेला?" दीड-दोन लाख टनांचा अंदाज सांगतात, एवढंच मी म्हणालो. लेकरांनी लगेच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हिशेब मांडला. एका खेपेला पाच टन धरले, तर दोन लाख टनांना ४० हजार खेपा. वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "पण सर, तवा ट्रॉली नव्हती ना."